खोक्यातली सही

कानसेनांच्या कानांवर शंका घेणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्माला यायचा होता. निदान खुद्द कानसेनांना तसं वाटे, आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवत. तीस वर्षं ते घराच्या मागच्या खोलीत गाणं ऐकायचे स्पीकर बनवत होते. जोडी तयार झाली की ती बाहेरच्या खोलीत मांडायची आणि तीन संध्याकाळी ऐकायची. वरच्या सुरांसाठी जो छोटा स्पीकर असतो, तो ट्वीटर; त्याचा आवाज कानाला पटेल तिथे आणून पक्का करायचा. मग खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने सही करून पाठ बंद करायची. मोजमापाची यंत्रं त्यांच्याकडे होती, पण शेवटचा शब्द कानाचा. "यंत्राला गाणं कळतं का?" असं विचारून ते समोरच्याचं तोंड बंद करत.

त्या तिन्ही संध्याकाळी बायको शेजारच्या खुर्चीत असे. लग्नापासूनचा शिरस्ता. स्पीकरबद्दल ती अवाक्षर काढत नसे. विणकाम घेऊन बसे, आणि गाणं आवडलं की तिच्या सुया थांबत. कानसेन डोळे मिटून ऐकतात असा लोकांचा समज होता. खरं तर त्यांचा एक डोळा त्या सुयांवर असे.

अलीकडे मात्र वीस मिनिटं झाली की ती उठायची. कधी दूध उतू जाईल म्हणून, कधी बहिणीला फोन करायचा म्हणून. शेवटी एकदा तिने सांगून टाकलं, "अहो, कान दुखतात माझे. आत काहीतरी दाटून आल्यासारखं होतं. नंतर तासभर कुणी बोललेलंही नको वाटतं."

"वय झालं तुझं," कानसेन म्हणाले. आपण तिच्याहून सहा वर्षांनी मोठे आहोत, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग पलीकडच्या रस्त्यावरचे दंतवैद्य नवी जोडी परत घेऊन आले. "दिवसभर दवाखान्यात ड्रिल किंचाळत असतं, तरी डोकं शाबूत राहतं," ते म्हणाले. "हे लावले की अर्ध्या तासात कपाळ धरून बसतो. तुमची जुनी जोडी काय गोड होती हो!"

"तुमच्या खोलीत नुसती काच आणि फरशी. जाड पडदे लावा," कानसेनांनी ठणकावलं.

"तुम्हीच लावायला लावलेत की," दंतवैद्य नम्रपणे म्हणाले आणि जोडी ठेवून गेले.

कानसेनांनी ती मांडून ऐकली. कुठे काही दोष दिसेना. उलट आवाज थोडा दबलेलाच वाटला, म्हणून त्यांनी पाठ उघडली, आतली जुनी सही खोडली आणि ट्वीटरचा आवाज आणखी काडीभर वाढवला. बायको दुसऱ्याच गाण्याला उठून गेली आणि या वेळी तिने दुधाचं नावही काढलं नाही. ते त्यांना फार लागलं. शेजारची खुर्ची रिकामी असताना त्यांनी आजवर एकही सही केली नव्हती, आणि आता करायला हात धजेना.

चार दिवसांनी त्यांच्या अंगात कणकण आली. बायकोने काखेत थर्मामीटर दिला. "वाजला की काढा," म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली. कानसेनांनी बरीच वाट पाहिली.

"हा बिघडलाय गं," ते ओरडले, "वाजतच नाही."

"केव्हाच वाजला. मला इथे स्वयंपाकघरात ऐकू आला."

त्यांनी हट्टाने पुन्हा लावला. या वेळी ती समोर उभी राहिली. "हा बघा, वाजतोय," ती म्हणाली. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या लेखी खोलीत चिडीचूप होतं.

घमेंडखोर असला तरी माणूस कारागीर होता. तसेच तापात ते मागच्या खोलीत गेले, सूर काढणाऱ्या यंत्रावरची धूळ झटकली आणि बायकोला समोर बसवलं. "आवाज येतोय तोवर बोट वर धर." बटण फिरत गेलं तसा सूर बारीक होत गेला. सेकंदाला दोन हजार कंपनं, तीन हजार, चार हजार. पाच हजारांच्या जरा पुढे तो संपला. बायकोचं बोट वरच होतं. सहा, आठ, दहा. त्या मुक्या खोलीत बोट आपलं ताठ उभं, आणि तिची नजर तर खिडकीबाहेर. अकरा हजारांच्या पुढे ते खाली आलं.

"उगाच तर नाही ना धरलंस?"

"मला काय पडलंय?"

कानसेनांनी यंत्र बंद केलं. तीस वर्षं लाकूड कापायची मशीन कानाशी किंचाळत होती, आणि त्यांनी कधी कापसाचा बोळा म्हणून घातला नव्हता. बोळा घालणं त्यांना कानांचा अपमान वाटे. मशीनने वरचे सगळे सूर खाऊन टाकले होते. जे ऐकू येईना ते हा गृहस्थ प्रत्येक जोडीत वाढवत गेला, आणि ज्यांना ऐकू येत होतं त्यांच्या कानांत ते खुपत राहिलं. त्यांना वाईट वाटलं. "वय झालं तुझं" हे आठवून तर तोंड लपवावंसं वाटलं.

"मग आता काम बंद?" तिने हळूच विचारलं.

"बंद कशाला?" कानसेन उसळले. "हात आहेत, डोकं आहे. कान तेवढे तुझे घेतो."

ताप उतरल्यावर दंतवैद्यांची जोडी पुन्हा मांडली गेली. ट्वीटरचं बटण लांब तारेला जोडून त्यांनी बायकोच्या हातात दिलं.

"मला नाही हो त्यातलं कळत."

"कळायचंय काय? बोचलं की कमी कर."

तिने कमी केलं. मग आणखी कमी केलं. कुणी गाण्यावर जाड रजई टाकावी तसं कानसेनांना झालं. जिभेवर आलेलं "बास!" त्यांनी गिळलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. तिने बटण मांडीवर ठेवून विणकाम उचललं. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. दूध कुणाला आठवलं नाही, बहीणही आठवली नाही. आणि एका गाण्याला सुया थांबल्या.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी ट्वीटर तिथेच पक्का केला, सही केली आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"मी कशाला?"

"शेवटचा शब्द कानाचा. कर सही."

तिने शाळकरी अक्षरात, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. कानसेनांनी पाठ बंद केली आणि हात झटकले. "गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या जोड्या परत मागवतो. नीट करून देऊ."

"किती आहेत?"

"चौदा."

बायकोने हातातलं विणकाम उलटसुलट करून पाहिलं. "मग लोकर आणायला हवी," ती म्हणाली.