श्वास ऐकणारा कर्णा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना कर्णा आहे. मला कुणी फुंकत नाही, माझ्यातून ऐकतात. माझं रुंद तोंड देवळाच्या फरशीतल्या भेगेवर उपडं असतं आणि वरच्या अरुंद टोकाला पुजारी कान लावतो. भेगेखाली, डोंगराच्या पोटात, एक ड्रॅगन झोपला आहे. त्याचं नाव घ्यायचीही गावाला भीती. 'थोरला' म्हणतात, तेही हळूच.

मला घडवलं एका तांबटणीने. हात सुबक, तोंड फटकळ. मला देवळात देताना ती म्हणाली, "वर्षातून एकदा आतून कापड फिरवा. देवाचं असलं तरी भांडंच आहे ते." ती गेल्यावर पुजारी म्हणाला, "थोरल्याचा श्वास येतो तिथे कापड घालायचं? भलतंच काहीतरी." मग मला बाहेरून रोज राखेने घासायचे, तेल लावायचे. आत कुणी बोटही घातलं नाही. लोक माझी चकाकी बघून हात जोडायचे, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

नियम असा होता. रोज सकाळी पुजाऱ्याने श्वास ऐकायचा, मगच घरोघरी चुली पेटवायच्या. श्वास आला नाही, तर थोरला जागा होऊन दबा धरून बसलाय असं समजायचं. सलग तीन सकाळी तसं झालं, तर पुजाऱ्याच्या घरातल्या एका मुलाने दिवा घेऊन थोरल्यापर्यंत जाणाऱ्या भुयारात उतरायचं.

पुजाऱ्याला दोन मुलं होती, अक्का आणि तिचा धाकटा भाऊ. अक्का अकरा वर्षांची असताना मी मुका झालो. वर्षानुवर्षांचं तेल आत ओघळून त्यावर धूळ बसली होती, तिचा बोळा झाला होता. खाली थोरला संथ घोरत होता. मला कळत होतं, पण सांगणार कसं? तिसऱ्या सकाळी अक्काने दिवा उचलला. "रडू नकोस हं, जेवायच्या आत येते मी," असं भावाला म्हणाली आणि उतरली.

ती आली नाही. तिची वाट बघत देवळात जमलेल्या गर्दीत कुणाचा तरी पाय लागून मी लवंडलो. बोळा सुटला, पायाखाली गेला, आणि श्वास पुन्हा ऐकू आला. "थोरल्याने मानून घेतलं," असं सगळे म्हणाले. भाऊ तेवढा भुयाराच्या दाराशी बसून राहिला.

तोच पुढे पुजारी झाला. त्याची लेक इतकी लहानखुरी की सगळे तिला मुंगी म्हणत. आणि यंदा एका कुंभारमाशीने माझ्या अरुंद टोकात मातीचं घर बांधलं.

पहिल्या सकाळी पुजाऱ्याला श्वास ऐकू आला नाही. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा पुन्हा कान लावून बघत राहिला. गावात धूर नाही, आवाज नाही. भुयाराच्या दाराशी कुणीतरी गुपचूप दिवा आणून ठेवला होता. मला अक्काच्या वेळचं सगळं आठवत होतं आणि मी भीतीने गार पडलो होतो.

तिसऱ्या सकाळी पुजारी म्हणाला, "मी जातो."

"नियमात मूल म्हटलंय, काका," देवळाच्या दाराशी उभा असलेला सुतार शांतपणे म्हणाला. त्याच्यामागे अख्खं गाव उभं होतं. कुणी वर बघत नव्हतं.

मुंगीने दिवा घेतला. "बाबा, जायच्या आधी मला एकदा ऐकू द्या ना." तिने कान लावला, मग डोळा लावला. "बाबा, यात काहीतरी आहे."

"मुंगे, बोट घालू नकोस!"

तोवर करंगळी आत गेली होती. माती सुटून खाली पडली, आणि श्वास घुमला. संथ, जड, गाढ झोपेतला.

एकेकाने कान लावून खात्री केली. सुतारानेही केली, मान खाली घालून गेला. चुली पेटल्या. पुजारी मात्र उठेना. मला बाजूला करून त्याने ते मातीचं ढेकूळ तळहातावर घेतलं. मग मला विचारलं, "तेव्हाही असंच होतं का रे?"

मित्रांनो, मला वाचा नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. ज्याला पुजता त्याला आतूनही पुसत जा, आणि कुणाला अंधारात धाडण्याआधी एकदा डोळा लावून बघा. आता मुंगी दर महिन्याला माझ्यातून कापड फिरवते. त्या दिवशी तिचे बाबा भुयाराच्या दाराशी दिवा लावून बसतात, जेवायची वेळ टळून जाईपर्यंत.