हिंमतरावांचं नेहमीचं माप

"आत या की पाशाभाई, उंबऱ्यात का उभं राह्यलात?" हिंमतरावांच्या पत्नी मथुराबाई म्हणाल्या.

पाशामियाँ ओसरीत आले आणि भिंतीला टेकून बसले. समोर हिंमतरावांचा फोटो. त्यांना जाऊन पाचच दिवस झाले होते. बावीस वर्षं दोघांनी एकाच ट्रकवर आळीपाळीनं इंदूर-जयपूर केलं. अंग दुखायचं, म्हणून ढाब्यावरची अफूही एकाच पुडीतली खाल्ली. ती सोडायला धाराशिवच्या व्यसनमुक्ती केंद्रात नावं घातली तीही एकाच दिवशी. पाशामियाँच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा मुजीब पुण्यात. मनातलं बोलावं असा हिंमतराव एकटाच उरला होता.

"माझ्याच तोंडानं गेले," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "सकाळी भांडण झालं. रागात म्हणलं, मरा एकदाचं. दुपारी शेतात पडलेले घावले. रणधीरभावजी सगळ्यांना सांगतेत, बायकोला कंटाळून मुद्दाम जास्त अफू खाल्ली."

"पुडी हाय का वैनी?"

मथुराबाईंनी हिंमतरावांच्या खिशात सापडलेली पुडी पदराआडून काढली. अफूच्या नव्या वडीचा एका कोपऱ्यातून फक्त हरभऱ्याएवढा तुकडा मोडलेला होता. पाशामियाँनी मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. हे माप त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

केंद्रातल्या इरम्मा सिस्टरनी अफू सोडवायची गोळी देताना दोघांना समोर बसवून बजावलं होतं, "या गोळीचा असर दोन-तीन दिवसच राहतो. तोवर अफू चढत नाही. पण गोळी सोडली की आडवं यायला काही उरत नाही, आणि अंगाची जुनी सवयही मोडलेली असते. पूर्वीएवढीच खाल्ली तरी श्वास थांबेल."

आणि दोन आठवड्यांपूर्वी स्टँडवर हिंमतराव हसत म्हणाले होते, "पाशा, आठ दिस झाले गोळी बंद करून. काय बी होत न्हाय बघ!"

पाशामियाँना तेव्हाच सिस्टरचे शब्द आठवले होते. तरी तेही हसले. सिस्टरच्या कानावर घातलं तर हिंमतराव रुसेल, आणि तो रुसला तर आपण बोलायचं कुणाशी?

"वैनी, त्यानं जास्त खाल्ली न्हाय," पाशामियाँ म्हणाले. "नेहमीएवढीच खाल्ली. मरायला न्हाय खाल्ली." मग त्यांनी गोळीचं सगळं सांगितलं. स्टँडवरचंही सांगितलं.

मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत. "तुमाला ठावं व्हतं," एवढंच म्हणाल्या. मग उठून दारात गेल्या आणि दिराला हाक मारली. रणधीर आला, त्याच्यामागं भावकीतली चार माणसं आली.

"आता सांगा," मथुराबाई म्हणाल्या. "सगळं सांगा. तुमचं बी."

पाशामियाँ उभे राहिले. पुडी दाखवली, माप दाखवलं, सिस्टरचं बोलणं सांगितलं. रणधीरची मान खाली गेली. स्टँडवरची गोष्ट आली तसा पाशामियाँचा आवाज बसला.

"मोठ्यानं," मथुराबाई म्हणाल्या.

"मला ठावं व्हतं," ते मोठ्यानं म्हणाले. "म्या कुणाला सांगितलं न्हाय."

माणसं एकेक करून निघून गेली. मथुराबाईंनी हात धुतले आणि पाच दिवसांत पहिल्यांदा स्वतःसाठी ताट वाढून घेतलं. पाशामियाँ पायरीवर चपला घालत होते. जरा थांबा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही.