रकाना अकरा: आंब्याची खारी

कामिनी झोपे हिचं लग्न तेरा डिसेंबरला धुळ्यात झालं. नवरदेव पुण्याचा, छंद वाचन. पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती, आणि सावद्याचा हितेंद्र फेगडे तीन बट्ट्या खाऊन, हात धुऊन, आहेराचं पाकीट देऊन संध्याकाळच्या एसटीने परत आला.

असं काहीही झालेलं नाही. कॅलेंडरची पानं मागे उलटा. मे महिना आहे, सावद्यात पंचेचाळीस अंश तापमान आहे, कामिनीचं लग्न अजून ठरायचं आहे आणि हितेंद्रला आशा आहे. आशा असलेला माणूस कसा दिसतो हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी भटूच्या बेकरीच्या मागच्या दाराशी जावं. तिथे चौतीस वर्षांचा धडधाकट केळी बागायतदार उकिडवा बसून परातीतल्या वितळलेल्या लोण्याकडे बघतो आहे.

तो तिथे कसा पोहोचला ते सांगायला हवं.

हितेंद्रचा बायोडाटा सहा वर्षांत बावन्न घरं फिरून आला होता. बाग होती, ठिबक होतं, स्लॅबचं घर होतं, सुपारीचंही व्यसन नव्हतं. बावन्न घरांनी एकच विचारलं, पुण्यात काय आहे? पुण्यात काही नव्हतं. परत आलेले फोटो त्याची आई सुनंदाबाई बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. एकाच मुलाचे बावन्न फोटो. डब्यातला मुलगा तळाकडून वरपर्यंत हळूहळू टकला होत गेला होता.

त्रेपन्नाव्या वेळी चुलतभाऊ तेजसने बायोडाटा नव्याने टाइप केला. रकाना अकरा, छंद. तिथे आजवर ‘शेती’ असं लिहिलेलं असायचं.

“हितूदादा, शेती हा छंद नसतो,” तेजस म्हणाला. “ती परिस्थिती असते.”

त्याने शेती खोडली आणि लिहिलं: उन्हाळी फळांचे पदार्थ घरच्या लोण्याच्या आवरणात बेक करणे. सोबत इंटरनेटवरून एक फोटो चिकटवला. सोनेरी, पापुद्र्यापापुद्र्याचं काहीतरी, आणि चिरेतून डोकावणारी आंब्याची फोड. हितेंद्रने हे सगळं पाहिलं तोवर बायोडाटा धुळ्याला पोहोचला होता.

तिथून फोन आला. कामिनीचे वडील पंडित झोपे पाटबंधारे खात्यातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण भाषा निवृत्त झाली नव्हती.

“आपला बायोडाटा प्राप्त झाला. मुलीने रकाना अकरावर खूण केली आहे. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष पाहणी करण्याचं योजलं आहे. थांबा, तिला बोलायचं आहे.”

मग कामिनीचा आवाज. ती धुळ्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. “तुम्ही खरंच लोण्याचं करता? बेकरीवाले सगळे डालडा घालतात.”

“लोण्याचंच,” हितेंद्र म्हणाला. खोटं एकाच शब्दाचं होतं, पटकन निघून गेलं.

“मग रविवारी खाऊ.”

फोन ठेवून तो ओट्यावर जाऊन बसला. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी येण्याआधी ‘खाऊ’ म्हणालं होतं.

घरात ओव्हन नव्हता. उन्हाळ्यात सावद्याच्या बाया मैदा, तूप, साखर घेऊन भटूच्या भट्टीवर जातात आणि डबे भरून नानकटाई घेऊन येतात. त्या बायांच्या रांगेत, दोन पितळी डब्यांच्या मधे, हितेंद्र उभा राहिला. भटूने मोबाइलमधला फोटो लांब धरून पाहिला.

“ही खारी आहे. खारीत कुणीतरी आंबा घातला. डालड्यात आत्ता करून देतो.”

“लोण्यात पाहिजे. आणि मला स्वतःला करायची आहे.”

भटूने आभाळाकडे पाहिलं. “लोण्याची खारी मार्गशीर्षात होते, भाऊ.”

“मार्गशीर्षात आंबा कुठून आणू?”

“तेच तर,” भटू म्हणाला आणि पुढच्या बाईचा डबा घेतला.

म्हणजे अडचण साधी होती. आंबा असतो त्या महिन्यात लोणी घट्ट उभं राहत नाही, आणि लोणी उभं राहतं त्या महिन्यात आंबा नसतो. खानदेशात हे दोघं एकमेकांना कधी भेटलेलेच नाहीत. हितेंद्रला सहा दिवसांत त्यांची सोयरीक जमवायची होती, ज्याला स्वतःची सहा वर्षांत जमवता आली नव्हती.

सोमवारी लोणी पिठाच्या घड्यांमधून निघून भट्टीत गेलं आणि भट्टीने भडका घेतला. मंगळवारी खारी आत राहिली, आंबा बाहेर आला. बुधवारी दोन्ही एकत्र राहिले, पण असे की विळ्यानेही वेगळे होईनात. तो नग त्याच्या वडिलांनी, जीवरामनानांनी, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीखाली टेकू म्हणून लावला. अजून आहे. फ्रिजचाही उपयोग नव्हता. पीठ बाहेर काढून लाटणं हातात घेईपर्यंत लोणी पोळपाटावरून खाली उतरायला लागायचं, आणि वीज तर दुपारी जायचीच.

“सांजोरी कर ना बापा,” सुनंदाबाई म्हणाली. “रव्याऐवजी आंबा भर अन् तयून टाक. कोन पाहू राह्यलं?”

“ती पाहू राहिली, आई.”

“तिले सांग, तयलेलं हाये. खरं सांगितलं तं काय मारते का?”

हे या संपूर्ण गोष्टीतलं एकमेव शहाणं वाक्य होतं आणि ते कुणीही ऐकलं नाही.

गुरुवारी हितेंद्रला झुलालभाऊ आठवला. झुलाल मूळचा पारोळ्याकडचा. सावद्याच्या रस्त्यावर त्याची केळी पिकवायची चेंबर होती. जाड दारांच्या बंद खोल्या, आत सतरा अंश. अख्खं सावदा पंचेचाळीस अंशांत तळलं जात असताना फक्त केळी सतरा अंशांत राहत होती. हितेंद्रने परवानगी काढली, पोळपाट-लाटणं घेतलं आणि हिरव्या क्रेटच्या रांगांमधे बसून पीठ लाटलं. लोणी थांबलं. घडी घातली, थांबलं. पुन्हा घातली, तरी थांबलं.

शुक्रवारी भट्टीतून ट्रे निघाला तेव्हा भटू नुसता बाजूला सरकला. खारी चार बोटं फुगली होती. कडेने पापुद्रे मोजता येत होते आणि चिरेतून आंब्याचा रस उकळून साखरेसारखा चिकटला होता. हितेंद्रने उभ्यानेच एक तुकडा मोडला. वरचं पीठ आवाज करत तुटलं, आतला आंबा आंबट-गोड आणि इतका गरम की डोळ्यांत पाणी आलं. पाणी गरमपणाने आलं असं त्याने भटूला सांगितलं. तो घास संपेपर्यंत त्याला कामिनी आठवली नव्हती, बावन्न घरं आठवली नव्हती, आपलं वयही आठवलं नव्हतं. मग सगळं पुन्हा आठवलं.

शनिवारी दुपारी घरचं उरलेलं सगळं लोणी घालून त्याने शेवटचं पीठ तयार केलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि चेंबर नंबर दोनमध्ये क्रेटवर ठेवून आला. रविवारी सकाळी सातला आणायला गेला तर दाराला बाहेरून आडणा होता आणि झुलाल खुर्ची टाकून चहा पीत होता.

“दार उघडाऊ नई,” झुलाल म्हणाला. “गॅस सोडेल शे. आते उद्या सकायले.”

“भाऊ, आत माझं पीठ आहे.”

“मन्ही केळी बी आतच शेत. दार उघडं ते बठ्ठा माल बिघडी जाई. अर्धा पिवया, अर्धा हिरवा.”

हितेंद्र केळीत जन्मला होता, पण केळी पिकताना त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्याकडची केळी हिरवी कापली जायची आणि हिरवीच गाडीत चढायची. ती पुढे कुठे, कशी, कोणत्या वारी पिवळी होते, हा दिल्लीकडच्या लोकांचा विषय होता. पिकवायला गॅस लागतो, गॅस सोडला की चोवीस तास दार बंद, हे अख्ख्या तालुक्यात ज्याला माहीत नसावं असा एकच बागायतदार होता आणि तो दाराला कपाळ टेकून उभा होता.

अकराला पाहुणे आले, दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. पंडितभाऊंच्या हातात फाइल होती. कामिनीच्या हातात काही नव्हतं. तिने नुसतं घरभर पाहिलं आणि हितेंद्रकडे पाहून थोडं हसली. पाणी झालं, चहा झाला.

“पदार्थ?” पंडितभाऊंनी विचारलं.

“चेंबरात आहे,” हितेंद्र म्हणाला. “चेंबर उद्या उघडेल. आपण मुक्काम केला तर—”

“मुक्कामाची मंजुरी घेतलेली नाही. पण पाहणी झाली पाहिजे, मी त्यासाठीच आलो आहे. चला.”

असा तो मुलगा पाहण्याचा कार्यक्रम चेंबर नंबर दोनच्या दाराशी भरला. दाराला वीतभर काच होती. त्या काचेतून आधी पंडितभाऊंनी पीठ पाहिलं, मग नानांनी पाहिलं, मग तेजसने, तो कशाला कोण जाणे. सुनंदाबाईने सवयीने पदर सावरून घेतला. प्लास्टिकमधला पांढरा गोळा क्रेटवर शांत बसला होता. सगळ्या मंडळीत तो एकटाच गारव्यात होता.

“रोजच असं बंद असतं?” कामिनीने झुलालला विचारलं.

“रोज नई, ताई. दर रविवारले. दहा वरीस व्हई ग्यात, रविवार चुकना नई.”

“इथिलीन ना? किती?”

“शंभर पीपीएम,” झुलाल म्हणाला आणि खुर्चीतून उठला. दहा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

कामिनी काचेशी थांबली. बाकीचे दोन पावलं मागे होते; माणूस एकांत द्यायचा म्हणून मागे सरकतो पण ऐकू येईल एवढंच सरकतो, तेवढे.

“एक विचारू?” ती हळू आवाजात म्हणाली. “तो फोटो मी याआधी पाहिलाय, दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्याचं काही नाही. पण हे आत आहे ते तुम्ही केलंय, हे मला दिसतंय. पहिल्यांदा कधी केलंत?”

उत्तर तयार होतं. शुक्रवारी. परवाच्या शुक्रवारी, दुपारी, आणि मला त्या घासापुरतं काहीही आठवलं नाही. एवढंच बोलायचं होतं. हितेंद्रने तोंड उघडलं.

“लहानपनापासून,” मागून नाना म्हणाले.

“शाळेत बक्षीस होतं,” तेजस म्हणाला.

सुनंदाबाईने हितेंद्रकडे पाहिलं, आणि त्या नजरेत बिस्किटांचा अख्खा डबा होता.

“दर रविवारी करतो,” हितेंद्र म्हणाला.

कामिनीने मान हलवली.

“दर रविवारी इथे गॅस असतो,” ती म्हणाली. “दर रविवारी करणाऱ्याला ते माहीत असतं.”

पंडितभाऊंनी फाइल उघडली, रकाना अकरासमोर काहीतरी लिहिलं आणि फाइल बंद केली.

सोमवारी सकाळी दार उघडलं. पीठ चांगलं होतं. इतकं चांगलं की हितेंद्रला राग आला. भटूने सहा खाऱ्या भाजून दिल्या, शुक्रवारच्यापेक्षा सरस. त्या स्टीलच्या डब्यात भरून तो धुळ्याच्या एसटीत बसला. जळगावपर्यंत डबा मांडीवर होता. पारोळ्याला झाकण उघडून पाहिलं तर पापुद्रे एकमेकांना बिलगले होते. धुळ्याच्या स्टँडवर उतरून रिक्षा केली तेव्हा डब्यात आंबा, मैदा आणि लोणी होतं, पण खारी नव्हती.

कामिनी कॉलेजात गेली होती. पंडितभाऊंनी फाटक अर्धं उघडलं, डब्यात पाहिलं, घड्याळात पाहिलं.

“रकाना अकरामधील माहिती पाहणीत आढळून आली नाही. सबब प्रस्ताव निकाली काढला आहे.”

“भाऊ, मला तिला एक खरं सांगायचं आहे. एकच वाक्य आहे.”

“तोंडी काही विचारात घेता येत नाही,” पंडितभाऊ म्हणाले. ते कठोर नव्हते, त्यांनी पाणी दिलं. “काही म्हणणं असेल तर लेखी द्या.”

लेखी द्यायला हितेंद्रला सात महिने लागले. दर आठवड्याला बसायचा आणि खोडायचा. मात्र दर गुरुवारी झुलालकडे जाऊन पीठ लाटायचा आणि शुक्रवारी भटूकडे भाजायचा. आंबा संपल्यावर केळी घातली, मग सीताफळ, मग पेरू. बाया आपले डबे बाजूला ठेवून त्याची खारी निघायची वाट बघायच्या. त्रेपन्नावा फोटो डब्यात गेला आणि चौपन्नावा काढायला हितेंद्रने नकार दिला.

आणि मग कितीही नाही म्हटलं तरी डिसेंबर आला. थंडी पडली, धुळ्याहून पत्रिका आली. लोणी कट्ट्यावर ठेवलं तरी विटेसारखं उभं राहत होतं. तेरा तारखेला मंगल कार्यालयाच्या दाराशी पंडितभाऊंनी हितेंद्रच्या हातून आहेराचं पाकीट घेतलं, ते नेहमीच्यापेक्षा जाड लागलं म्हणून जरा दाबून पाहिलं, आणि बाकीच्या पाकिटांत टाकलं. आत पुढीलप्रमाणे मजकूर होता.

प्रति,
श्री. पंडित वामन झोपे,
सेवानिवृत्त कार्यालयीन अधीक्षक, धुळे.

विषय: बायोडाट्यातील रकाना अकरा दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ: आपले तोंडी आदेश, दि. मे महिन्यातील सोमवार, आपले फाटक.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या बायोडाट्यातील रकाना अकरा, छंद, यामधील माहिती सादर केल्याच्या दिनांकास खोटी होती. ती त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी सुमारे अडीच वाजता खरी झाली व आजतागायत खरी आहे. साक्षीदार म्हणून भटू बेकरीवाले व झुलालभाऊ चेंबरवाले यांना विचारता येईल. कु. कामिनी यांनी विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर ‘शुक्रवारी’ असे होते. ते अर्जदाराच्या तोंडात होते, परंतु वेळेत निघाले नाही.

तरी सदर रकाना पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे प्रश्न विचारला त्या रविवारपासून, खरा मानण्यात यावा. दर रविवारी हे शब्द वगळून दर शुक्रवारी असे वाचण्यात यावे. आणि आजचा कार्यक्रम त्या अनुषंगाने आंबा व लोणी एकाच महिन्यात उपलब्ध होईपर्यंत स्थगित ठेवण्यात यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
हितेंद्र जीवराम फेगडे
मु. पो. सावदा

सोबत: खारी, एक नग, पेरूची.