विस्तव न देणारी फळी

मी एक जुनी फळी आहे, काठी घासून विस्तव पाडण्यासाठी घडवलेली. पण मित्रांनो, माझ्यातून विस्तव कधी पडलाच नाही. हे सांगताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मी मूळची दूर दक्षिणेकडच्या एका नदीकाठच्या झाडाची. पुराने मला समुद्रात लोटले आणि लाटांनी उत्तरेच्या या उघड्या, बर्फाळ किनाऱ्यावर आणून टाकले. इथे झाड औषधालासुद्धा नाही. समुद्र देईल ते लाकूड आपले.

एका उन्हाळ्यात उयारक नावाचा म्हातारा शिकारी नातीला घेऊन विस्तवाच्या फळीसाठी लाकूड वेचायला आला. नातीचे नाव अर्नाक. उयारकच्या वारलेल्या आईचेही तेच नाव होते. आमच्याकडे नावाबरोबर माणूसही परत येते. म्हणून तो नातीला ‘आई’ म्हणे आणि ती चिमुरडी त्याला ‘बाळ’.

अर्नाकने एका करड्या लाकडाला नख लावून पाहिले, जीभही लावली.

“बाळा, हे घे. नख रुततंय आणि खारटही नाही.”

“आई, हे माझ्या पाठीसारखं वाकडं आहे गं! ही ढलपी बघ, कशी सरळ नि जड आहे.”

“तिला नख लाव की आधी!”

“गप गं! मला लाकूड शिकवतेस?”

आईच्या नावाच्या मुलीवर आमच्याकडे कोणी ओरडत नाही. उयारक ओरडला, त्याने मला उचलले आणि घरी नेऊन माझी फळी घडवली. माझ्या अंगात राळ आणि मीठ मुरलेले होते; अशा कठीण लाकडात निखारा धरत नाही. तरी निवडली गेले म्हणून मी फुगून गेले. घरी दिव्यावरून दिवा लागत असे, त्यामुळे माझी परीक्षा झालीच नाही.

हिवाळ्यात शिकारीच्या वाटेवर पातळ बर्फ फुटून अर्नाकचा पाय पाण्यात गेला. उयारकने घाईघाईने बर्फाचे घर रचले, दिव्यात सीलची चरबी घातली, निखारा धरायला कापूसगवत पिंजून ठेवले. मग माझ्यावर काठी उभी केली, काठीच्या वरच्या टोकावरची हाडाची वाटी दातांत धरली आणि धनुकलीची दोरी काठीला गुंडाळून ती मागेपुढे ओढू लागला. मी नुसती किंचाळले आणि गुळगुळीत होत गेले.

“बाळा, पाय दुखायचा थांबला बघ,” अर्नाक आनंदाने म्हणाली.

याचा अर्थ उयारकला ठाऊक होता: पाय गोठून बधिर झाला होता. पण तोंडात वाटी होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि हात थांबत नव्हते. शेवटी त्याने मला बाजूला टाकून तिचा पाय आपल्या उघड्या पोटावर धरला.

सकाळी शेजारी पुटुगूक कुत्र्यांची गाडी घेऊन शोधत आला.

“काय रे उयारक, विस्तव पाडत होतास की फळी चमकवत होतास?” असे म्हणता म्हणता त्याला मुलीचा पाय दिसला आणि तो खाली बसून विस्तव पाडू लागला. त्याच्या मऊ फळीने लगेच निखारा दिला. पण अर्नाकच्या पायाची दोन बोटे काळी पडली होती. ती बोटे गेलीच.

पायाची जखम भरल्यावर उयारक मला समुद्रात भिरकावायला निघाला. अर्नाक लंगडत आडवी आली.

“तिला कशाला टाकतोस? तिने कुठे फसवलं तुला? तू नख लावलंच नाहीस.”

मित्रांनो, लाकूड निवडताना त्याचे रूप पाहू नका. नख लावा, जीभ लावा, आणि सोबतचे लहान माणूस काय सांगते तेही ऐका. मी आता त्यांच्या झोपायच्या कट्ट्याखाली पडून असते. उयारक अजून तिला आई म्हणतो, पण तिच्याकडे बघून नाही.