गाडी डावीकडे ओढते

गाडी डावीकडे ओढते, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं की माझा मलाच कंटाळा आला. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "नाचता येईना अंगण वाकडं." सासूबाई गालात हसायच्या, दीर तर पोट धरून. मग गेल्या आठवड्यात एका वळणावर मी स्टीअरिंग फिरवलं, ते फिरलं, पण चाकं वळलीच नाहीत वेळेवर. गाडी फुटपाथवर चढून खांबाला धडकली आणि मागे बसलेल्या लेकीच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली. मी निमूट दिली. लेकीचं कपाळ बघून माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला होता.

आज आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो ते चेपलेल्या बंपरसाठी. गाडी आमच्या लग्नाआधीची. मेकॅनिकने सवयीने जॅक लावला, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. सैल दातासारखं ते खडखडलं.

"स्टीअरिंगला चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे सांधे गेलेत," तो नवऱ्याला म्हणाला. "साहेब, सर्व्हिसिंगच्या वेळी बोललो होतो ना मी? तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी बघू."

"हो, राहिलंच ते. विसरलो," नवरा मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

विसरला म्हणे! मला घालूनपाडून बोलायला मात्र एक दिवस विसरला नाही.

"दोन्ही बाजूंचे बदला," मी मेकॅनिकला सांगितलं आणि एका टायरवर बसकण मारली. हातोड्याचे ठोके घालून त्याने जुने सांधे सोडवले. एक मी मागून घेतला. रबर फाटलेलं, ग्रीस सुकलेलं, आतला गोळा नुसत्या बोटाने गरागरा फिरत होता. नवा हातात घेतला तर हलवायला जोर लागला. त्या सर्व्हिसिंगनंतर नवरा बसने ऑफिसला जायला लागला होता. "शाळेत सोडायला तुला गाडी लागते ना," म्हणाला होता. मी मैत्रिणींत त्याचं कौतुक करत फिरले होते. डोकं माझं असं तापलं की मेकॅनिकने विचारलेला चहाही नको म्हटलं.

चाकांची अलाइनमेंट झाली, मेकॅनिक एक चक्कर मारून आला, गाडी सरळ धावत होती.

"आईंना फोन लाव," मी नवऱ्याला म्हणाले. "स्पीकरवर. चूक माझी नव्हती म्हणून सांग."

"घरी गेल्यावर सांगतो ना."

"आत्ता."

त्याने फोन लावला. "आई, ते परवाचं... हिची चूक नव्हती. स्टीअरिंगच खराब झालं होतं."

"अरे, मग ते मला ठाऊक नाही का?" सासूबाई म्हणाल्या. "सर्व्हिसिंग झालं तेव्हा तूच तर सांगितलंस. म्हणून तर मी म्हटलं, तू नको बाबा नेऊस ती गाडी, बसने जात जा."

मेकॅनिक उगाचच पाने पुसायला लागला. नवऱ्याने फोन बंद केला.

"तू काय, जवळच्या जवळ चालवतेस," तो म्हणाला. "हळू चालवतेस. म्हणून म्हटलं..."

"मागे लेक असायची," मी म्हणाले.

मेकॅनिकने किल्ली पुढे केली. नवऱ्याचा हात उठायच्या आत मी ती घेतली, त्याला तिथेच ठेवलं आणि लेकीला आणायला निघाले.