सोमवारचा नमुना

माझ्या डोळ्याच्या भिंगावर, खालच्या कडेला, साधारण दीड मिलिमीटर लांबीचा एक ओरखडा आहे. पाहणाऱ्याला तो केस वाटतो आणि तो फुंकर मारतो. ओरखडा उडत नाही. शिपायाने मला टेबलाच्या फडक्याने पुसले, त्या दिवसाची ती खूण आहे.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या खोलीत एकवीस वर्षे उभा आहे. ज्या कारागिराने माझी भिंगे घासली, तो म्हणायचा, "खोटं दाखवलंस तर याद राख!" मी कधीच खोटे दाखवले नाही. खोटे लिहिले ते माणसांनी.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शाळेतली मुले रांग लावून मला पाहायला येत. मग नवे मुख्याधिकारी आले. दर सोमवारी टाकीच्या नळाचे पाणी बाटलीत भरून तपासायचे, असा नियम होता. त्यांनी नियम मोडला नाही. फक्त बाटली स्वतःच्या केबिनमधल्या फिल्टरखाली धरायला लावली. अहवाल दर वेळी एकच, 'पिण्यायोग्य'. स्वतः मात्र ते बंद बाटलीतलेच पाणी पीत. इतका निर्लज्जपणा मी हजार पट मोठा करूनही कधी पाहिला नव्हता.

अहवालावर सही असे तपासणीच्या बाईंची. एकदा बाईंनी टाकीचे पाणी गुपचूप आणून माझ्याखाली ठेवले. थेंबभर पाण्यात ती वळवळ पाहून त्या तडक मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या.

"बाई, नोकरी कायम व्हायचीय ना तुमची?" ते म्हणाले. "मग डोळ्यांना जरा विश्रांती द्या."

त्या दिवसापासून माझ्यावर प्लास्टिकची टोपी चढली. टाकीखालच्या वस्तीत जुलाबाची साथ आली. बाईंची स्वतःची भाची तीन आठवडे दवाखान्यात होती. दर सोमवारी सही करून झाली की बाई माझी टोपी उचलत आणि हळूच म्हणत, "पुढच्या सोमवारी बोलते रे." असे शेहेचाळीस सोमवार गेले. मला बाईंचाही राग येई. का येऊ नये?

मग एका सोमवारी वरून तपासनीस येणार अशी बातमी आली. जिने धुतले गेले, कुंड्या आल्या. दहा वाजता काळी पेटी घेतलेली, चष्मा लावलेली, मोजकेच बोलणारी एक बाई दारात उभी राहिली.

"या, या मॅडम!" मुख्याधिकारी कमरेत वाकले. "आधी थंड काहीतरी घ्या."

"सूक्ष्मदर्शक कुठाय?"

"बघा! आल्या आल्या कामाला हात!"

त्यांनी तिच्यापुढे बंद बाटली ठेवली, स्वतःची खुर्ची आणवली. तिने मात्र पेटी उघडून माझे भिंगच काढायला घेतले. मुख्याधिकाऱ्यांना घाम फुटला. इतकी बारकाईची तपासणी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

बाहेर बाकावर कापडी पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ नऊपासून बसले होते.

"अहो, मी तपासणीला..."

"सगळे तपासणीलाच येतात, आजोबा," शिपाई म्हणाला. "तक्रारी गुरुवारी. आज मोठी माणसं आलीयेत."

"बरं, निदान पाणी तरी?"

"तो काय नळ. पाटी वाचा की, पिण्यायोग्य!"

आत चष्मेवालीने भिंग परत बसवले. "ओरखडा राहणार, पण आता स्वच्छ दिसेल. बघायला काहीतरी हलतं लागेल. गढूळ पाणी आहे का?"

"आमच्याकडे गढूळ औषधालासुद्धा मिळायचं नाही, मॅडम!"

आमच्या तपासणीच्या बाई उठल्या. बाहेरच्या नळावर गेल्या आणि काचपट्टीवर एक थेंब घेऊन आल्या.

"वा! काय गर्दी आहे!" चष्मेवाली म्हणाली. "कुठल्या डबक्यातलं?"

मुख्याधिकाऱ्यांचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्ही तपासनीस, तुम्हीच मनावर घेतलंत तर..."

"कोण तपासनीस? मी भिंगं दुरुस्त करते. या बाईंनी तीन महिन्यांपूर्वी पत्र धाडलं होतं."

"तपासनीस मी," दारातून आवाज आला. पिशवीवाले गृहस्थ उभे होते. हातात नळाच्या पाण्याने भरलेला पेला. "पाणी कसं आहे तुमच्याकडचं?"

मुख्याधिकारी क्षणभर गडबडले, पण जित्याची खोड! "एक नंबर, साहेब! आमच्या बाईंनाच विचारा. सांगा हो बाई!"

तहानलेल्या त्या माणसाने पेला ओठांकडे नेला.

मित्रांनो, आम्हा जुन्या उपकरणांना मऊ कापडाने पुसा, धुळीपासून जपा. पण त्याआधी आम्ही जे दाखवतो ते डोळे उघडून पाहा, आणि पाहिलेले सांगा. नाहीतर आम्हाला भंगारात टाका. टोपीखाली झाकून ठेवू नका.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग पेल्याकडे.

"साहेब, पेला खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "हे पाणी पिण्यायोग्य नाही. वर्षभर नव्हतं. खाली सही माझी आहे."