ठकू म्हणजे काय

"आई, मुलगी झाली तर तुमचंच नाव ठेवायचं," सून म्हणाली, आणि मावशींच्या हातातली सुई बोटात घुसली.

शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुकानात सगळे त्यांना मावशी म्हणत. नवरा होता तोवर तो 'अगं' म्हणायचा. खरं नाव ठकू. ते तोंडात असणारा एकच माणूस उरला होता, थोरला भाऊ.

"भलतंच काय! वेड लागलंय का तुला?"

"का? जुनी नावं परत येतायत. किती गोड आहे!"

"गोड? शाळेत पोरं पेन्सिल हरवली की माझंच दप्तर उपसायची. ठकू ठकवते, ठकू फसवते. रडत घरी यायचे मी."

मुलगा जेवता जेवता हसला. "आईचं बरोबर आहे. पोरीच्या जिवाला घोर नको."

विषय तिथंच संपला. मावशींच्या डोक्यातून मात्र तो जाईना. दुसऱ्या दिवशी एका सदऱ्याला उलट्या बाजूनं काजं पाडली, तेव्हा मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मावशी, लक्ष कुठाय?" लक्ष एकाच गोष्टीत होतं. पोटच्या पोरीला कुणी लबाड म्हणून हाक मारतं का? आईबापांना दुसरं नाव सुचलं नसेल?

सुट्टीच्या दिवशी त्या भावाकडे गेल्या. तो गॅलरीत उन्हात पाय सोडून बसला होता.

"दादा, माझं नाव ठकू का ठेवलं रे?"

"आता म्हातारपणी काय काढलंस हे?"

"सांग तर. ठक म्हणजे लबाड ना?"

"लबाड कशानं? ठकी म्हणजे लाकडाची बाहुली!" मग पाय आखडून घेत दादा म्हणाला, "माझी होती."

"तुझी? बाहुली?"

"उशाशी घेऊन झोपायचो. मुलगा असून बाहुली खेळतो म्हणून सगळे हसायचे. एक दिवस बाबांनी ती चुलीत घातली. मी जेवेना की बोलेना. थोड्या दिवसांनी तू झालीस. आईनं मला जवळ बोलावलं, तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, 'ही घे तुझी ठकी. हिला कुणी जाळणार नाही.' बाबांनी दुसरं नाव काढलं होतं. मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी ठकूच राहिलं."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. टक्कल पडलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला हा माणूस.

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू विचारलंस कधी? आणि काय सांगणार, पोरगा बाहुलीसाठी रडला म्हणून?"

घरी येऊन त्यांनी सगळं सुनेला सांगितलं. सून आधी हसली, मग पदरानं डोळे पुसत बसली. मुलगा म्हणाला, "तरी लोक हसतीलच."

"हसू देत," मावशी म्हणाल्या. "ठेवायचं तर ठेवा. पण का ठेवलं ते पोरीला आधी सांगा. मला कळायला केस पिकावे लागले."

मुलगीच झाली. नाव कळल्यावर शेजारीण म्हणाली, "हे लाडाचं झालं, खरं काय ठेवलंत?" सुनेनं तिला बसवून सगळी गोष्ट ऐकवली. दादा काठी टेकत बघायला आला. बाळाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, हाक मात्र मारली नाही. पावसाळा सरता सरता तो गेला.

नंतर बाळाला लस टोचायला मावशी सुनेबरोबर दवाखान्यात गेल्या. बाकावर दाटीवाटीनं माणसं बसली होती. नर्सनं दारातून हाक दिली, "ठकू!"

मावशी "आले" म्हणत उठल्या.

शेजारी सून बाळाला खांद्याशी घेऊन उभी होती. नर्स दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

"तू हो पुढं," मावशी म्हणाल्या, आणि हळूच खाली बसल्या.